मिस्त्रींनी घर पाहिलं नाही

जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः मात्र चार जिने चढून घरी यायचा. यावरून मिस्त्रींची किती थट्टा झाली असेल, विचारू नका. शेजारी म्हणायचे, "मिस्त्री, आमच्या जिन्यालाही जरा तेलपाणी करा की." मिस्त्री हसायचे आणि कठड्याला धरून वर जायचे.

माणूस लाखात एक, पण खोड मोठी वाईट. कुणाकडे जेवायला बोलावलं तरी हे आधी त्यांच्या लिफ्टमध्ये उभे. भिंतीला कान लावायचा, डोळे मिटायचे, वर जायचं, खाली यायचं. यजमान दारात ताटकळतायत, पानं वाढून झालीयत, आणि मिस्त्रीणबाई एकट्याच आत येऊन सांगतायत, "येतील. लिफ्टशी बोलतायत." जेवताना मग मिस्त्री हातचं न राखता सांगायचे, "दरवाजा घासतोय तुमचा. बघून घ्या." आता असा पाहुणा कोण दुसऱ्यांदा बोलावेल? तरी लोक बोलवायचे, ते मिस्त्रीणबाईंसाठी.

कारण बाई गप्पिष्ट. पूर्वी एक लिंबू आणायला खाली उतरल्या की तासाभराने परत यायच्या. लिंबू हातात, आणि अख्ख्या रस्त्याची खबर पदरात. घासाघीस करावी तर त्यांनीच. मग गुडघ्यांनी दगा दिला. आता जिना उतरायचा म्हणजे मिस्त्रींचा हात धरून, आडवं पाऊल टाकत, प्रत्येक वळणावर दम खात. त्यामुळे बाई उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला. भाजीसाठी त्यांनी खिडकीतून दोरीला टोपली सोडायला सुरुवात केली. वरून ओरडून भाव करायच्या, खालून भाजीवाला ओरडायचा, आणि सगळी गल्ली फुकटात करमणूक करून घ्यायची. बाई स्वतःही हसायच्या. त्या हसतात म्हणजे बरं चाललंय, असं मिस्त्री धरून चालले होते. पुरुषांना असं धरून चालायला फार आवडतं.

मुलीला मात्र खरं काय ते दिसत होतं. तिने आधी तळमजल्याची घरं शोधली. एकात भिंतींना ओल, दुसऱ्याच्या खिडकीला लागून कचऱ्याचे डबे. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवा टॉवर सापडला. झेपेल असं घर त्यात एकच उरलं होतं, सतराव्या मजल्यावर.

झालं, घरात काथ्याकूट सुरू झाला. मुलगी म्हणायची, उजेड आहे, वारा आहे, न्हाणीघर मोठं आहे, आईला जिना नाही. मिस्त्री म्हणायचे, "आणि लिफ्ट बंद पडली म्हणजे? इथून निदान चौघे जण खुर्चीत बसवून उतरवतील तिला. सतराव्यावरून कोण उतरवणार, तू?"

"बाबा, तुम्हीच लिफ्टवाले, आणि तुमचाच लिफ्टवर भरवसा नाही?"

"लिफ्टवाला आहे म्हणूनच नाही."

आणि यात त्यांचं तरी काय चुकलं? ज्याला रोज बोलावणं येतं ते बंद पडलेल्या लिफ्टकडूनच, त्याला चालणारी लिफ्ट दिसणार कधी? अडकलेली माणसं बाहेर काढताना त्यांचे चेहरे मिस्त्रींनी पाहिले होते. एका बाईने तर बाहेर आल्यावरही कितीतरी वेळ त्यांची बाही सोडली नव्हती. अलीकडे त्या बाईच्या जागी त्यांना आपली बायको दिसायला लागली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नुसतंच "नको" म्हणत राहिले, आणि मुलगी त्यांना हटवादी समजत राहिली.

बाईंचंही काही ठरत नव्हतं. "एवढी लांब दोरी कुठून आणायची?" त्या म्हणायच्या. "आणि तेवढ्या वरून मला भाजीवाल्याचं नुसतं टाळकं दिसणार. टाळक्याशी काय भाव करायचा?" पण एकदा भांडी पुसता पुसता त्यांनी विचारलं, "अहो, ती लिफ्ट अगदी रस्त्यापर्यंत जाते का हो?" मिस्त्री म्हणाले, "नाहीतर कुठे जाणार?" बाईंनी मान हलवली आणि पुढची वाटी घेतली.

शेवटी एका रविवारी तिघं घर पाहायला निघाली. चार जिने उतरताना बाईंच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. टॉवरच्या दारात पोचतात तर समोर लंबू उभा. लंबू म्हणजे मिस्त्रींचा जुना जोडीदार, हल्ली या इमारतीच्या लिफ्ट सांभाळायचा. मग काय विचारता. सतराव्या मजल्यावर दार उघडलं, मुलगी आणि आई घराकडे वळल्या, आणि मिस्त्री म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, आपण घर बघायला आलोय."

"तेच बघतोय," म्हणून मिस्त्री लंबूबरोबर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले सुद्धा.

तिथे त्यांचं मन रमलं. मोटर नवी, चाक स्वच्छ, तारेच्या दोरांवर प्रत्येक मजल्याची पिवळी खूण रंगवलेली. दोर चाकावरून सरकू लागले की वर बसलेल्याला लिफ्ट कुठे पोचली ते कळतं. मिस्त्रींनी सगळं निरखलं, हुंगलं, ऐकलं. पण मनातली शंका जाईना. वीज गेली तर ब्रेक धरतो का? तेवढ्यात चाक फिरायला लागलं.

"कोण आहे आत?"

"आत कोण असणार? अजून कुणी राहायला आलेलं नाही," लंबू म्हणाला. "पहारेकऱ्याने खाली बोलावली असेल."

आत माणूस नाही याची खात्री केल्याशिवाय मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात कधी स्विचला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. धाडकन मेन स्विच खाली ओढला. चाक जागच्या जागी थांबलं, तसूभरही सरकलं नाही. मिस्त्री खूश. "धरतो रे," म्हणाले. आणि धोक्याची घंटा वाजली.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्टमध्ये बोलायचा भिंतीवरचा फोन त्यांनी उचलला.

"आत कोण आहे?"

"मी आहे," बायकोचा आवाज आला. "स्विच तुम्हीच ओढलात ना?"

मिस्त्री म्हणाले, "अगं, तू आत काय करतेस? घर बघत होतीस ना?"

"बघून झालं. पोरगी घर दाखवणाऱ्या माणसाशी ओट्यावरून वाद घालतेय. मी खाली निघाले होते."

"एकटी? कशाला?"

"कशाला म्हणजे? असंच." मग म्हणाल्या, "येताना कोपऱ्यावर एक संत्रीवाली दिसली होती. म्हटलं, बघू काय भाव देते."

असंच. मिस्त्री त्या शब्दापाशीच अडकले. जुन्या घरातून बायको असंच कधी खाली गेली होती? त्यांना आठवेना. टोपली आठवली, गल्लीचं हसणं आठवलं, आणि आपणही त्यात हसत होतो तेही आठवलं. स्वतःची लाज वाटली त्यांना.

"घाबरलीस?"

"आधी घाबरले. मग वाटलं, बंद पडली म्हणजे हे वर पोचले असणार. तेव्हा टेकून उभी राहिले निवांत. आता चालू करताय का? ती संत्रीवाली उठून जाईल."

मिस्त्रींनी स्विच वर केला. चाक फिरलं. एकेक पिवळी खूण चाकावरून पुढे सरकू लागली आणि मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले. मध्ये कुठे दम खायला थांबणं नाही, कुणाचा हात धरणं नाही. बायको सरळ खाली चालली होती. शेवटची खूण आली, चाक थांबलं, आणि खाली दार उघडल्याचा बारीक आवाज त्यांच्या कानांना कळला. लंबू काहीतरी विचारत होता. मिस्त्री बाहीने डोळे पुसत होते.

बऱ्याच वेळाने बाई वर आल्या तेव्हा मिस्त्री सतराव्या मजल्यावर लिफ्टसमोरच उभे होते. बाईंच्या हातात पिशवी, गाल लाल.

"लुटलं मला तिनं," त्या म्हणाल्या. "अर्धी आंबट निघणार, बघा तुम्ही. उद्या जाऊन चांगली सुनावते तिला."

बोलून गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उद्या तर त्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत असणार होत्या.

मुलगी घरातून बाहेर आली. "बाबा, या आता आत. निदान खोल्या तरी बघा, मग नाही म्हणा."

मिस्त्रींनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली.

"त्या माणसाला सांग, घेतो म्हणून," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्ही घर कुठे पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं," मिस्त्री म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या एक संत्रं सोलायला घेतलं. आंबटच निघालं.