खरंच पुसायचं?

कंपनीत तिला सगळे खरंचताई म्हणत. हजारो इंजिनिअरांच्या त्या कंपनीत कुणी नकाशे करी, कुणी यंत्राला बोलायला शिकवी. हिच्या वाट्याला अकरा वर्षांपूर्वी एक प्रश्न आला होता. फोनवरचं काहीही पुसायला गेलं की एक चौकट उघडते आणि विचारते, ‘खरंच पुसायचं?’ ती चौकट हिची. खाली दोन बटणं, हो आणि नाही. एवढ्यासाठी अकरा वर्षं माणूस लागतं का, असं नातेवाईक विचारत. लागतं. चौकट कधी उघडतच नाही, कधी दोनदा उघडते, कधी ‘नाही’ म्हटलं तरी पुसून मोकळी होते. यातलं काही होऊ नये म्हणून ती रोज दहाच्या ठोक्याला खुर्चीत असे, आणि काहीच झालं नाही की दिवस सत्कारणी लागला असं समजे. आता काहीच न झाल्याचं कौतुक कोण करणार? बढतीच्या यादीत तिचं नाव चार वर्षं शेवटून दुसरं होतं.

मग वरून हुकूम आला. या प्रश्नापायी लोकांचे दोन-दोन सेकंद वाया जातात, तेव्हा तो काढून टाका. काढायचा कुणी, तर जिला तो पाठ आहे तिनेच.

"हे एवढं नीट पार पाड," साहेब म्हणाले, "यंदा बढती नक्की."

खरंचताईने तीन दिवसांत आपली अकरा वर्षं काढून टाकली. कोड सुटसुटीत झाला म्हणून तिला चक्क बरंही वाटलं. या लोकांना कशाने बरं वाटेल, सांगता येत नाही.

कंपनीची रीत अशी, की नवी गोष्ट आधी शंभरातल्या एकावर करून बघायची. त्या एकांच्या यादीत इंजिनिअर आपल्या घरचे फोनही हौसेने घालत. काही बिघडलंच तर घरातल्या घरात कळतं. तिने सहा वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने वडिलांचा फोन घातला होता आणि साफ विसरून गेली होती.

प्रयोगाच्या चौथ्या दिवशी ती डबा उघडत होती तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"अगं, तुझ्या आईचा निरोप दिसत नाही."

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज म्हणून जगात उरला होता तो अकरा सेकंदांचा एक निरोप: ‘अहो, येताना दूध आणा. आणि फोन उचलत जा की जरा!’ वडील तो रोज सकाळी दाढी करताना ऐकत. आज साबणाचं बोट भलतीकडे पडलं.

"एरवी विचारतो ना तो," वडील म्हणाले. "आज विचारलंच नाही."

तिने डबा तसाच बंद केला. संध्याकाळी ती थेट वडिलांकडे गेली.

"बाबा, तो प्रश्न मी काढला."

"का गं?"

"लोकांचे दोन सेकंद वाचतात."

वडिलांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांनी जरा विचार केला. "मग त्या दोन सेकंदांचं लोक काय करतात?"

हा रकाना कंपनीच्या अहवालात नव्हता.

पुसलेली वस्तू कंपनी तीस दिवस ठेवते, मग ती कायमची जाते. निरोप नेमका कुठे पडलाय हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण वापरणाऱ्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, सख्ख्या बापाच्याही नाही, नाहीतर त्याच दिवशी नारळ. म्हणून तिने वडिलांना शेजारी बसवून चारचौघांसारखा मदतीचा अर्ज भरला. अर्ज एकोणीस दिवस रांगेत पडला, मग उत्तर आलं: ‘पुसण्यापूर्वी आपणास विचारण्यात आले होते व आपण होकार दिला होता. विनंती नामंजूर.’

वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच, तिनेच लिहिलं होतं. अर्ज आपोआप निकालात निघावेत म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी. प्रश्न तिने काढला, पण हे उत्तर काढायचं राहून गेलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून ती पोटभर रडली, आणि तोंड धुऊन साहेबांपुढे उभी राहिली.

साहेब अहवाल वाचत होते. "तक्रारी नगण्य. वा!"

"नगण्य नाहीत. यंत्र परस्पर नामंजूर करतंय. लोकांना विचारलंच नाही, आणि वर विचारलं होतं म्हणून सांगतंय. माझी चूक आहे. लेखी देते."

साहेबांनी चष्मा काढला. "लेखी दिलंस तर सगळा प्रयोग मागे घ्यावा लागेल. पुसलेलं सगळ्यांना परत द्यावं लागेल. बढतीवर पाणी सोडायचंय? खरंच?"

"हो," ती म्हणाली.

परत देण्याचं काम तिच्याच गळ्यात पडलं. प्रयोगाच्या एकोणतिसाव्या दिवशी ते पुरं झालं. बढतीच्या यादीत तिचं नाव शेवटी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन आला.

"आला बरं का तुझ्या आईचा निरोप. दोनदा ऐकला. मग म्हटलं, तुझं काम नीट झालंय का बघावं. मुद्दाम पुसायचं बटण दाबलं."

ती खुर्चीतून उठलीच. "बाबा! काय झालं मग?"

"विचारतोय. खरंच पुसायचं?"

"नाही दाबलंत ना?"

"काहीच दाबलं नाही," वडील म्हणाले. "उत्तर दिलं की जाईल तो. थांबू दे जरा. तुझी अकरा वर्षं आहेत ना ती, बघतोय."