सोमवारचा आवाज

वाईट बातमी सांगण्याआधी अक्का एक घोट पाणी प्यायच्या. तहान लागली म्हणून नव्हे. "ऐकणाऱ्याला सावरून बसायला वेळ द्यावा गं," असं त्या म्हणायच्या. आमच्या कंपनीच्या कोरमंगलातल्या ऑफिसात कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सचं काम त्या बघायच्या. दर सोमवारी सकाळी येलहंकाच्या कारखान्यात स्पीकरवर त्यांचं रेकॉर्डिंग लागायचं. कुणाला बढती मिळाली, बोनस कधी होणार, सगळं कन्नडमधून, थोरल्या बहिणीनं सांगावं तसं. तिथल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

अक्कांचं घराणं मराठी, चिकपेटमधलं जुनं कापडवाल्यांचं. नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी, त्यांचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून सुरुवातीला नुसती मान हलवायचे. "मीटिंगमध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून बसतेस," त्या म्हणाल्या, "आणि लिहितेस मात्र मंत्र्यासारखं. स्वल्प खाली उतर!"

गुळगुळीत शब्द दिसला की त्यांचा चष्मा कपाळावर जायचा. कँटीनचे दर वाढले तेव्हा मी 'नव्या स्वरूपातील मेनू' असं लिहिलं होतं. "इडली तीच आहे ना? महाग झालीय. तसं सांग." त्यांनी तसंच सांगितलं. कारखाना हसला म्हणे, आणि कुणी कुरकुरलं नाही. मार्केटिंगच्या पदवीनं शिकवलेलं बरंच काही त्यांनी मला असं विसरायला लावलं.

गेल्या वर्षी अक्का आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. "कारखान्याला इतक्यात नको, योग्य वेळी कळवू," विभागप्रमुख म्हणाले. एक सोमवार स्पीकर मुका राहिला. पुढच्या सोमवारी अक्का पुन्हा बोलल्या. जुन्या रेकॉर्डिंगवरून सॉफ्टवेअरनं त्यांचा आवाज तयार केला होता.

वाक्यं मी टाइप करायचे, अक्का ती म्हणायच्या. सुरक्षा सप्ताह, दसऱ्याची सुट्टी. एकदा आजूबाजूला कुणी नसताना मी 'जेवलीस का गं?' असं टाइप केलं. रोज दुपारी विचारायच्या, हुबेहूब तसंच त्यांनी विचारलं. मी हेडफोन ओढून काढला. तरी त्यानंतर कितीतरी दुपारी डबा उघडताना तो प्रश्न कानाशी येत राहिला.

मग कारखान्यातला पॅकिंग विभाग बंद करायचं ठरलं. "अक्कांच्याच आवाजात जाऊ दे," विभागप्रमुख म्हणाले. "लोकांचा विश्वास आहे. आरडाओरडा होणार नाही." मीटिंगमध्येच मी मजकूर घातला. आवाजानं तो कुठंही न थांबता, हसऱ्या सुरात वाचून टाकला.

"सर, हे त्यांच्या तोंडी नको."

"मग कोण सांगणार? तू?" ते हसले.

"हो," मी म्हणाले. मीटिंगमध्ये मी इतकं बोलले, असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं.

सोमवारी येलहंकाला सगळे जमले. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी सांगितलं, की विभाग बंद होतोय, नोकऱ्या जाणार आहेत. आरडाओरडा झाला. तो ओसरल्यावर पुढं उभ्या असलेल्या एक बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तू कोण? अक्का का नाही बोलल्या?"

"अक्का वारल्या."

बाई एक पाऊल पुढं आल्या.

"कधी?"

मी सांगितलं. बाईंनी शेजारणीकडे पाहिलं, आणि त्या दोघी बोटांवर सोमवार मोजू लागल्या.