होडीच्या इंजिनाचा खटका

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही नेरुळला नव्याने राहायला आलो, तेव्हा रविवारी सकाळी मी सारसोळ्याच्या खाडीवर फिरायला जायचो. तिथे हा कोळी आपल्या होडीच्या जुन्या इंजिनापुढे उकिडवा बसलेला असायचा. हात रिकामा हवा असला की पाना दातांत धरायचा, त्यामुळे बोलणं कमीच.

होडीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन पाण्यात खाली धरून ठेवायला एक खटका असतो. इंजिन कशावर आपटलं, तरच तो सुटावा आणि इंजिन वर उचललं जावं. याचा खटका मात्र खाडीच्या मधोमध, बापाने दाखवलेल्या खोल वाटेवर, सारखा सुटत होता. त्याने खटक्यावरचं मीठ खरवडलं, स्प्रिंग बदलली, आकडा कानशीने घासला. किनाऱ्यावर खटका घट्ट बसायचा. वाटेवर गेला की सुटायचा. होडी रिकामीच परत यायची.

एका रविवारी तो होडीत लांब बांबू घेऊन त्या वाटेवर गेला आणि लगेच परतला. बांबू खालून जेमतेम गुडघ्याइतका भिजला होता.

"आजपण सुटला का हो खटका?" मी विचारलं.

त्याने दातांतला पाना काढला. "खटक्याला कायपन झाला नाय. खाडीचा तलच वर आयलाय."

"तो कसा काय?"

त्याने पाना माझ्या पाठीमागे रोखला. मी वळून पाहिलं. खाडीकाठच्या भरावावर आमची नवी इमारत उभी होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझे शर्ट वाळत होते.