डॉक्टरकाकांचं काडतूस

गणपतीत सोवळं नेसून खड्या आवाजात आरती म्हणणारे डॉक्टरकाका नोव्हेंबर सरत आला की केशरी जाकीट चढवून हरणाच्या शिकारीला जायचे. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या आम्हा मूठभर मराठी माणसांना याचं काय करावं ते कळत नसे. काकू अंडंही खात नसत. त्या एवढंच म्हणत, "फ्रीजर त्यांचा, फ्रीज माझा. आमचं छान चाललंय."

काका मूळचे चंद्रपूरकडचे, हाडांचे सर्जन. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि शनिवारी त्यांच्याकडे जेवायला असे. त्यांना 'साधारण' हा शब्द खपत नसे. "काका, साधारणच भात वाढा" म्हटलं की डाव हवेत तसाच धरून विचारत, "म्हणजे किती?"

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात ते एका मित्राची दांडगी मॅग्नम रायफल घेऊन जंगलात गेले. तिच्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना खांदा आधीच आक्रसला, नेम ढळला आणि गोळी हरणाच्या पोटात लागली. हरीण पळालं. बर्फावरचे रक्ताचे थेंब शोधत काका दिवसभर फिरले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सुट्टी घेऊन पुन्हा गेले. हरीण सापडलं नाही. त्या शनिवारी ते पानावर नुसते बसून राहिले. मला म्हणाले, "पेशंट हातून गेला तर निदान त्याच्या घरच्यांसमोर उभं राहता येतं. इथे कुणापुढे उभा राहू?"

पुढचे दोन सीझन त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. मग एक दिवस ठरवलं, की स्वतःच्या मापाची रायफल घडवून घ्यायची. जवळच्या खेड्यात वॉल्टर नावाचा म्हातारा कारागीर होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काडतूस कोणतं?" नळी, यंत्रणा, वजन, सगळं त्यावरून ठरणार होतं. या एका प्रश्नावर काकांनी आठ महिने काढले. शिकारी मित्र म्हणत, जितकं मोठं तितकं चांगलं. काका पुस्तकं वाचत, वरणभात कालवता कालवता गोळीचा वेग आणि वजन मला समजावून सांगत. काकू एकदा म्हणाल्या, "मुलीचं नाव बारा दिवसांत ठरवलंत. हे बारसं कधी व्हायचं?"

शेवटी त्यांनी औषधाची चाचणी करावी तशी काडतुसांची केली. वॉल्टरकडून तीन काडतुसांच्या तीन रायफली मागून घेतल्या, प्रत्येकीने शंभर यार्डांवरच्या कागदांवर गोळ्या झाडल्या आणि ते कागद माझ्यापुढे टाकले. वर नुसतं अ, ब, क लिहिलेलं. "कोणतं कशाचं ते तुला सांगणार नाही. मोज."

मी पट्टी घेऊन दुपारभर मोजत बसले. 'अ'ची भोकं ताटभर विखुरलेली होती. 'क'ची बशीत मावली असती.

"क," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. 'अ' म्हणजे त्या मॅग्नमचं काडतूस. 'क' हे सात मिलिमीटर गोळीचं, युरोपातलं जुनं काडतूस, तिघांत सगळ्यात सौम्य.

"म्हणजे मी धक्क्याला घाबरतो," ते म्हणाले.

"काका, तसंच काही नाही…"

"तसंच आहे. बरं झालं, कागदावर आलं."

वॉल्टरला मात्र आनंद झाला. म्हणाला, "डॉक्टर, हरणाला काडतुसाचं नाव कळत नाही. गोळी कुठे लागली तेवढं कळतं." मित्रांनी थट्टा केली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "मोठं मला झेपत नाही, म्हणून हे." हाडं कापणाऱ्या माणसाने चारचौघांत असं म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

अक्रोडाच्या दस्त्याची ती रायफल घेऊन ते त्या वर्षी गेले. एकच गोळी झाडली. हरीण उभं होतं तिथेच कोसळलं. काका हातमोजे काढून त्याच्या मानेवर हात ठेवून बर्फात बराच वेळ बसले होते म्हणे. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "बरोबर लागली."

मग मी नोकरीसाठी शिकागोला आले. भेटी फोनवर होऊ लागल्या. एकदा कळलं, काकांचा हात थरथरू लागला होता. कुणाच्या लक्षात येण्याआधीच त्यांनी आपण होऊन ऑपरेशनं थांबवली आणि रायफल मीराला, सोळा वर्षांच्या लेकीला दिली. सौम्य धक्क्याची म्हणून तिलाही ती पेलली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मीराला रायफल दिली त्या डिसेंबरातला त्यांचा फोन अजून कानात आहे. मीरा शिकारीला गेली होती, काका शेजारी नुसते बसले होते.

"अगं, समोर केवढा नर आला! साठ पावलांवर. पोरीने नेम धरला… आणि बंदूक खाली घेतली."

"का?"

"मध्ये फांदी होती. मला म्हणाली, 'बाबा, आय वॉज नॉट शुअर.'" काकांनी ते पुन्हा म्हटलं, "नॉट शुअर म्हणाली गं! आणि झाडलीच नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "तिला सांगा, मीरासाठी शिरा केलाय म्हणून."