गुहेचं ठिकाण

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या लायब्ररीत दर शनिवारी आम्ही काही जण ऑनलाइन विश्वकोशातले हवाई बेटांवरचे लेख सुधारायला बसतो. बेटं आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाहीत. मला या गटात बोलावलं, याचंच मला अप्रूप. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि तालुक्याच्या शाळेत मी एवढंच शिकले होते की पुस्तकात छापलंय ते खरं.

माझ्या शेजारी इथेच जन्मलेली एक मराठी मुलगी बसते. एका गुहेच्या छोट्या लेखावर ‘ठिकाण दिलेले नाही’ अशी सूचना होती. तिने एका इंग्रज खलाशाच्या जुन्या प्रवासवर्णनातून वाट शोधली, नकाशावर जुळवली आणि अक्षांश-रेखांश टाकले. तळटीप मी तपासली. तिच्यात एकही चूक नव्हती.

पुढच्या शनिवारी लेखाच्या चर्चापानावर हवाईतल्या एका बाईंचा निरोप होता. त्या गुहेत त्यांच्या पूर्वजांच्या अस्थी आहेत. अस्थी कुठे ठेवल्या हे त्यांच्यात कोणाला सांगत नाहीत; लोक उकरून नेतात, पूर्वी नेल्याही आहेत. कृपया ठिकाण काढा.

मुलगी लगेच ती ओळ खोडायला निघाली.

“थांब,” आमचे संयोजक म्हणाले. ते निवृत्त शिक्षक आहेत. “खोडलीस तरी पानाच्या इतिहासात ती राहते. शिवाय कारण लिहिलंस, तर ज्याचं लक्ष नव्हतं तोही बघायला येईल.”

जुनी नोंद लपवण्याचा अधिकार विश्वकोश सांभाळणाऱ्या मोजक्या प्रचालकांना असतो. संयोजकांनी त्यांना खाजगी मेल केला. आम्ही बसून राहिलो.

“ताई, वीकभर ते लाइव्ह होतं,” ती कुजबुजली. “कोणी बघितलं असेल?”

“हवाईतल्या गुहेबद्दल कोण वाचतंय?”

“आपण वाचतो ना.”

दुपारी ठिकाण लपवलं गेलं, बाईंचा निरोपही. मला हायसं वाटतंय तोवर मुलीने गुहेचं नाव सर्चमध्ये टाकलं होतं. एका पर्यटनाच्या साइटने आमचा लेख तळटिपेसकट उचलला होता. नकाशावर लाल खूण, वर मथळा: ‘गर्दीपासून दूर’.

“त्यांना मेल करू. पण रीझन काय देऊ?” तिने विचारलं.

लेखात अस्थींचा उल्लेख नव्हता. खरं कारण दिलं असतं, तर आत काय आहे तेही आम्हीच सांगितलं असतं. शेवटी मी लिहिलं, ठिकाणाला एकाच जुन्या पुस्तकाचा आधार आहे आणि ते विश्वासार्ह नाही. लिहिताना मला माहीत होतं, त्या खलाशाचं प्रत्येक वळण नकाशाशी जुळलं होतं.

अजून उत्तर नाही. कामावर जाताना बसमध्ये मी रोज त्या साइटचं पान उघडते. काल नकाशाखाली कोणीतरी विचारलं होतं, गाडी कुठपर्यंत जाते?