लासं नसलेली सायली

सायलीच्या डाव्या गालावर जन्मापासून एक डाग आहे. डोळ्याच्या कडेपासून निघून हनुवटीपर्यंत उतरलेला, वांग्याच्या सालीच्या रंगाचा. आमच्याकडं त्याला लासं म्हणतात. ते दुखत नाही, खुपत नाही, कुणाच्या ताटातलं खात नाही. पण लोकांना असं सलतं, जसं काय त्यांच्याच गालावर उगवलंय!

औरंगपुऱ्यातल्या एका मेडिकलवर सायली फार्मासिस्ट आहे. माणूस येतो डोकेदुखीची गोळी घ्यायला, आणि गोळी हातात पडायच्या आत विचारतो, "ताई, गालाला काही लावत नाय का तुमी?" अरे बाबा, डोकं तुझं दुखतंय ना? मग तिच्या गालाची चौकशी कशाला? कुणी कोरफड सांगतं, कुणी हळद आणि साय. एक रिक्षावाले चाचा तर रोज म्हणायचे, "बेटा, दौलताबाद के पास एक हकीम है, एक बार दिखा दो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. सायली ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "गोळी जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको." तिचं त्या डागाशी कधी भांडण नव्हतं. सकाळी आरशात बघितलं की नाक असतं, डोळे असतात, तसं तेही असतं.

भांडण होतं ते आईचं, लीलाबाईंचं. सायली पोटात असताना ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नसतं म्हणे. लीलाबाईंना भूक लागली, कुणी ताट वाढीना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन एक वांगं चिरलं. एवढंच. पोरगी झाली आणि तिचा गाल बघून सासूनं बाळंतिणीच्या तोंडावर सांगितलं, "बघ, तुझ्या जिभेनं पोरीचं वाटुळं केलं." त्यानंतर सासू गेली, गावची जमीन बटईनं देऊन नवरा नानासाहेब नोकरीसाठी शहरात आला, मुकुंदवाडीत घर झालं, धाकटी सोनिया झाली. ती मात्र नितळ गालाची. तरी पाहुण्यारावळ्यांत लीलाबाईंची ओळख तीच राहिली, ग्रहणात वांगं चिरणारी बाई.

मग ह्या बाईनं काय करावं? तिनं पोरीचे फोटो सांभाळायला घेतले. शाळेच्या ओळखपत्राचा फोटो असो की मावशीच्या लग्नातला, फोटोवाला म्हणायचा समोर बघ आणि आई म्हणायची जरा तिरकं बघ. उजवा गाल पुढं, डाव्यावर केस, नाहीतर आईचा पदर. पुढं मोबाइल आले. ज्या लीलाबाईंना अजून नंबर जोडून घ्यायला सोनिया लागते, त्या बोटानं डाग पुसायला आपलं आपण शिकल्या! देवळात गेल्याचा फोटो असला तरी तो आधी पुसायचा आणि मग पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ कुणाची आणि झाकतंय कोण, हे कुणी विचारायचं?

सायलीच्या लग्नाचं बघायला लागल्यावर स्थळं यायची आणि बघून जायची. "कळवतो" म्हणायची. असं लई झाल्यावर सायली एकदा आईला म्हणाली, "यावेळी मी देईन तोच फोटो पाठवायचा. डाग दिसू दे. ज्याला नको त्यानं घरीच बसावं, निदान आपले पोहे तरी वाचतील." तिनं फोटोही निवडून दिला. मैत्रिणींसोबत दौलताबादला गेली होती तेव्हाचा. किल्ला चढून दमलेली, केस उडालेले, तोंड उघडं टाकून हसतेय आणि ऊन नेमकं डाव्या गालावर. सायलीला स्वतःचा तेवढा एकच फोटो आवडायचा, कारण तो काढताना आई सोबत नव्हती.

करमाडहून निरोप आला. मुलगा शिवराज, शेंद्र्याला कंपनीत, घरी शेती. मध्यस्थ साहेबराव फोनवर म्हणाले, "फोटो लई पसंत पडलाय. पोरगा तर म्हणतोय, काय मोकळं हसते ही पोरगी!"

झालं! सायलीचे पाय जमिनीला लागेनात. बघायला कुणी येतंय ह्याचं तिला अप्रूप नव्हतं. एका माणसानं तिचा तो फोटो बघितला, ऊन पडलेला गाल बघितला आणि तरी त्याला तिचं हसू दिसलं, ह्याचं होतं. मेडिकलवर ती गुणगुणायला लागली. रिक्षावाल्या चाचांना म्हणाली, "चाचा, अब हकीम की जरूरत नहीं." स्वतःच्या पैशानं हिरवी साडी घेतली आणि आरशासमोर सगळे केस मागं घेऊन घट्ट बांधले. लीलाबाई म्हणाल्या, "एवढे मागं कशाला? थोडे पुढं राहू दे." सायली हसली. "आता काय झाकायचं, आई? त्यांनी बघितलंय की!" लीलाबाई खोबरं किसत राहिल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी करमाडची मंडळी आली. शिवराज, त्याची आई सरूबाई आणि साहेबराव. बाहेरच्या खोलीत बसली. सायली आत ताटल्यांत पोहे भरत होती, म्हणून पाण्याचा ट्रे घेऊन सोनिया बाहेर गेली. आता ऐका. सरूबाई मोठी घाईची बाई. मोबाइलमधला फोटो एकदा बघितला, सोनियाकडं एकदा बघितलं, आणि "आगं बाई, फोटोतल्यापरीस गोड हाय की पोरगी!" म्हणत पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. सोनियाच्या हातात ट्रे, तिला मागं सरता येईना. "मावशी, आवो मी न्हवं..." म्हणेपर्यंत सरूबाईंनी तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावून तिच्या ओटीत नारळसुद्धा घातला.

तेवढ्यात हिरव्या साडीतली सायली पोहे घेऊन दारात आली. सरूबाईंनी तिच्या गालाकडं बघितलं, पटकन नजर फिरवली आणि लीलाबाईंना मायेनं विचारलं, "ही थोरली व्हय? हिचं कुठं दिलंय?"

सोनियाच म्हणाली, "सायली ही हाय. मी सोनिया. तुमी हिला बघायला आलात."

"मंग ह्यो फोटो कुणाचा?" सरूबाईंनी मोबाइल पुढं केला.

सायलीनं ताटल्या खाली ठेवल्या आणि मोबाइल हातात घेतला. फोटो तिचाच होता. दौलताबादचाच. केस उडालेले, तेच हसू. फक्त गाल स्वच्छ, धुतल्यासारखा. रंगही उजळलेला, नाक थोडं बारीक केलेलं. हे बोटानं पुसलेलं काम नव्हतं. लीलाबाई गुलमंडीवर भाजीला जाते म्हणून गेल्या होत्या, त्या औरंगपुऱ्यातल्या हनुमानच्या फोटो स्टुडिओत. सायलीच्या मेडिकलपासून चार दुकानं सोडून! हनुमाननं विचारलं होतं, "काकू, कैसा करनेका?" आणि ह्यांनी पर्समधून सोनियाचा फोटो काढून सांगितलं होतं, "धाकटीसारखं कर." पोरानं सांगितलं तसं केलं. त्याचा काय दोष?

सायलीनं आईकडं बघितलं. अजून वेळ गेली नव्हती. लीलाबाईंनी एवढंच म्हणायचं होतं, की फोटो हिचाच आहे, मी डाग काढून घेतला, माझं चुकलं. नानासाहेबही बायकोकडंच बघत होते. सगळं ठाऊक होतं त्यांना, पण आयुष्यात त्या माणसानं गप्प बसण्यापलीकडं काही केलेलं नाही.

लीलाबाई म्हणाल्या, "फोटो धाकटीचाच हाय. चुकून गेला जणू."

पोटच्या पोरीचा चेहरा तिच्याच समोर दुसरीच्या नावावर करून टाकला की हो! चोर सापडला तर निदान माल परत देतो. ह्या माउलीनं तेवढंही केलं नाही.

साहेबराव खाकरले. "आता असं हाय, लावलेलं कुंकू पुसत नसतेत. अपशकुन व्हतो. देवाच्याच मनात धाकटी असंल." शिवराज खाली मान घालून बसला होता. सायलीनं त्याला सरळ विचारलं, "तुम्हाला काय आवडलं होतं फोटोत?" तो चाचरला. "हसणं," म्हणाला. "मंग ते माझं व्हतं," सायली म्हणाली आणि वाट बघितली. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, गालापाशी त्याचे डोळे अडखळले, आणि तो आपल्या आईकडं वळला. संपलं! कसलं हसणं आणि कसलं काय.

आत स्वयंपाकघरात सोनिया रडत होती. "ताई, तू फक्त हो म्हण. मी आत्ता पुसते हे. खड्ड्यात गेला अपशकुन." तिनं पदर कपाळापर्यंत नेलाही होता. सायलीनं तिचा हात धरला. तिला सोनियाचा राग नव्हता. राग होता तो छातीत मावत नव्हता, पण तो बहिणीवर काढायचा नव्हता. "नको पुसू," ती म्हणाली. "तू पुसलंस तरी ते मला लावणार नायत. पोरगा वाईट नाय, नुसता भित्रा हाय. तुझ्यापुढं सरळ चालंल."

लग्न झालं. थोरलीला ठेवून धाकटीचं केलं म्हणून लोक बोलायचे ते बोलले. सायली सगळ्या लग्नात तीच हिरवी साडी नेसून, केस मागं बांधून वावरली, वाढायला उभी राहिली, रुखवत मांडला. आईशी मात्र कामापुरतं बोलायची. मेडिकलवरचं गुणगुणणं कधीच बंद झालं होतं. चाचा हकिमाचं काढायचे, ती "हां, देखेंगे" म्हणायची.

फोटो हनुमाननंच काढले. घरच्या सगळ्यांचा एक मोठा फोटो फ्रेम होऊन आला आणि नानासाहेबांनी तो बाहेरच्या खोलीत ठोकला. सायली कामावरून आली, बघितलं. फोटोत नवरदेवाच्या शेजारी सोनिया. दुसऱ्या बाजूला, हिरव्या साडीत, आणखी एक सोनिया.

"हे कुणी सांगितलं त्याला?"

लीलाबाई बसल्या जागी फुटल्या. "मीच सांगितलं. काय करू गं? लोकं तुझ्या गालाकडं बघत नायत, माझ्याकडं बघतेत. ह्ये आलं, वांगं चिरणारीचं लेकरू! डाग तुझा नाय, सायले, माझाय त्यो. इतक्या वर्षांत एक दिस मला कुणी इसरू देत नाय."

"मंग सवताला पुसायचं व्हतं फोटोतून," सायली म्हणाली. "मला कशाला पुसलंस?"

लीलाबाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढं असं करणार नाही. विचारील त्याला तोंडानं सांगीन, ही माझी सायली, अशीच हाय. सायलीनं आईचे डोळे पुसले. आई आहे शेवटी, टाकून कुठं देणार? त्या दिवसापासून दोघी पुन्हा एका ताटात जेवायला लागल्या, आणि फोटोही भिंतीवरच राहिला, कारण सोनियाच्या लग्नाचा दुसरा मोठा फोटो घरात नव्हता.

सोनियाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सरूबाई स्वतः तिला मुकुंदवाडीला पोचवायला आल्या. सोनिया आत जाऊन आडवी झाली. सरूबाई पंख्याखाली बसल्या, सायली चहा टाकायला गेली. जाताना त्यांचा आवाज तिच्या कानावर पडलाच.

"लीलाताई, पुढल्या पंधरवड्यात गिऱ्हान हाय म्हणं. पोरीला काय चिरू देऊ नका. तुमाला म्या काय सांगावं? तुमाला तर ठावंच हाय." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून त्यांनी चुकचुक केलं.

लीलाबाईंचा चेहरा उतरला. "नाय नाय," म्हणाल्या, "हातात विळीसुदिक देणार नाय."

सरूबाईंचं लक्ष भिंतीकडं गेलं. उठून फोटोजवळ गेल्या. सायलीला त्या ओळखायच्या त्या गालावरनंच. "ही कोण वं, हिरव्या लुगड्यातली? आपल्या सोनीसारखीच दिसते. कुठं दिलीय का अजून हाय? माझ्या भाच्यासाठी बघायलो आमी. आन् तुमची सायली कशी नाय ह्या फोटोत?"

सायली कपबशा घेऊन दारात उभी होती. लीलाबाईंनी तिच्याकडं बघितलं. सायलीनं नजर काढून घेतली नाही. केस मागं बांधलेले, ट्यूबलाइटचा उजेड सरळ गालावर. शपथ घेतल्याला वर्षही झालं नव्हतं. सांग आई, सायली मनात म्हणत होती, एवढं एकदा सांग.

"ती व्हय..." लीलाबाई म्हणाल्या. "ती माझ्या भनीची. दिली तिला मागंच. आन् सायली तवा कामात व्हती, फोटोला आलीच नाय."

सायलीनं पुढं होऊन सरूबाईंच्या हातात कप दिला. "साखर बघा बरं, मावशी," म्हणाली, "कमी असंल तर सांगा." मग आईचा कप तिच्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण बोललेलं काही परत घेतलं नाही.