दाजींच्या गिटारची घरघर

न बिघडलेल्या वस्तूशी आमच्या दाजींचं कधी पटलंच नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन. लग्नात आहेर आलेला नवाकोरा मिक्सर त्यांनी अंगावरची हळद उतरायच्या आत खोलून पाहिला होता. दुपारी पंख्याखाली डोळे मिटून पडत आणि ताई काही सांगू लागली की बोट वर करून म्हणत, "थांब जरा, बेअरिंग काहीतरी बोलतंय."

नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांच्या डोक्यात इलेक्ट्रिक गिटार शिरली. ती विकत घेणं स्वभावातच नव्हतं. पेठहून एसटीच्या टपावरून सागाची फळी आली. जुन्या रिलेतली केसासारखी तार लोहचुंबकाभोवती गुंडाळून गिटारच्या तारांखाली बसवली. वर वॉर्निशचे इतके हात दिले, की त्यात बघून दाढी करावी. मग सगळं अॅम्प्लिफायरला जोडलं, आणि पहिला सूर निघायच्या आधीच घूंऽऽ अशी घरघर खोलीभर पसरली.

"गिरणी सुरू झाली का?" ताईनं आतून विचारलं.

"करंटमध्ये दोष नाही," दाजी ठामपणे म्हणाले. "करंट आम्ही बनवतो."

त्यांनी वायरी बदलल्या, ट्यूब बंद केली, शेजाऱ्यांना ऐन मालिकेत टीव्ही बंद करायला लावला. घरघर तशीच. फक्त गिटारला जोडलेल्या पिनेच्या धातूला बोट लावलं की ती गप्प व्हायची. पण वाजवायला तर दोन्ही हात लागतात! दाजींनी आधी टेस्टर लावला, मग स्वतः हात लावून खात्री केली आणि हाक मारली, "अगं, जरा इथे बोट ठेवून बस."

तेव्हापासून शिफ्ट नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी ताई मांडीवर ताट घेऊन एका हातानं तांदूळ निवडी आणि दुसऱ्या हाताचं बोट पिनेवर ठेवी. तिला शिंक आली की घूंऽऽ. दाजी न रागावता थांबत. बाहेर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर केशरी होत विरून जाई, सूर हळूहळू खिडकीबाहेर पडत, आणि मधूनच दोघं काहीतरी बोलत. एरवी दाजींच्या शिफ्टमधून आणि ताईच्या कामांतून त्यांची धड गाठ पडत नसे.

एका रविवारी मी तिथे असताना दाजींनी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी उचलली. खालून आणलेली अर्थिंगची वायर वॉर्निशच्या थराखाली गाडली गेली होती, पट्टीला टेकतच नव्हती. "माझंच वॉर्निश!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. ब्लेडनं खरवडलं, वायर पट्टीखाली नीट दाबली, पट्टी घट्ट आवळली, तारांवर हात ठेवला. खोली शांत झाली.

"म्हणजे माझं काम संपलं?" ताई म्हणाली.

"संपलं."

ती ताट उचलून आत गेली. मी निघायला चपला घातल्या. दाजींनी एक धून सुरू केली आणि मध्येच सोडून दिली. ताई दारात आली, थोडा वेळ उभी राहिली, मग येऊन त्यांच्याजवळ बसली.

"आता बोट कुठे ठेवू?"

दाजींनी गिटारकडे पाहत प्रश्नाचा अगदी गांभीर्यानं विचार केला.

"कुठेच नको. नुसती बस."

ते पुन्हा वाजवू लागले. चुकत होते, आणि त्यांची प्रत्येक चूक आता लख्ख ऐकू येत होती. ताई डोळे मिटून ऐकत होती. मी उंबऱ्यावर टेकलो. माझी नाशिकरोडची बस एव्हाना गेली असणार.